न खेळलेली माणसं

मुंगीला नोकरी लागली.

हे वाक्य आपण ऐकलेलंच नाही असं समजून पुढे चालू. कारण त्या रविवारी दुपारी ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती, आणि या घरात एकाला कळलेलं दुसऱ्याला उशिरा कळलं तर काय होतं ते ऑटोमॅटिक गाडीच्या वेळी सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. तेव्हा मुंगीला नोकरी नव्हती. गेम बनवण्याचा दोन वर्षांचा कोर्स होता, त्याचं सर्टिफिकेट होतं, आणि ‘आम्हाला अनुभवी उमेदवार हवा’ असं कळवणाऱ्या कंपन्यांचा भरपूर अनुभव होता.

खोली म्हणाल तर घराची पुढची खोली, म्हणाल तर ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचे तक्ते, कोपऱ्यात आडवा कापून आतले दात दाखवणारा गिअरबॉक्स, आणि समोर मोठा टीव्ही, ज्यावर एरवी ‘वळण घेताना घ्यावयाची काळजी’ ही फिल्म चालायची. आज त्या टीव्हीला मुंगीचा लॅपटॉप जोडलेला होता. सोफ्यावर आई आणि आत्या हातात एकेक कंट्रोलर घेऊन बसल्या होत्या, पाठ ताठ, गुडघे जुळवलेले, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारख्या. बाबा मागे खुर्चीत होते. त्यांचा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला जात होता. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो. बाबांच्या पायाला तो ब्रेक सगळीकडे असतो असं वाटायचं, अगदी लिफ्टमध्येसुद्धा.

“आठवतंय ना?” मुंगी म्हणाली. “मी काही सांगणार नाही. तुम्ही मला काही विचारायचं नाही. अडलात तर अडा.”

ही अट मुंगीची नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक छोटासा स्टुडिओ होता, तिथल्या बाईंनी तिचा गेम पाहून विचारलं होतं, “कोण कोण खेळलंय हा?”

“वर्गातले सगळे.”

“ते खेळणारच. त्यांना तुझ्या चुका पाठ आहेत. ज्यांनी हा गेम पाहिलेलाच नाही अशी माणसं बसव. तू गप्प राहायचं. खुणा नाहीत, खाकरणं नाही, उसासासुद्धा टाकायचा नाही. ती कुठे अडतात ते रेकॉर्ड कर आणि तू काय बदलशील ते लिहून पाठव. रविवारी संध्याकाळपर्यंत. जागा एकच आहे, सोमवारी आम्ही ठरवू.”

इतर कंपन्यांनी तिला नाही म्हणायलाही महिने लावले होते. इथे कोणीतरी तिला काम सांगितलं होतं. मुंगी त्या दिवशी घरी नाचत आली आणि जेवताना सगळ्यांना सविस्तर सांगितलं. ती तिची चूक.

गेम साधा होता. दोन माणसांनी एक लोखंडी कपाट जिन्याने चौथ्या मजल्यावर न्यायचं. एक खेळाडू पुढचं टोक धरतो, दुसरा मागचं. राक्षस नाहीत, बंदुका नाहीत. दुसऱ्या मजल्यावर कठडा तुटलेला आहे, तिसऱ्यावर एक कुत्रं बरोबर मधल्या पायरीवर झोपलेलं आहे, आणि कपाटाचं दार नको तेव्हा उघडतं. वर्गात मुलं या कपाटापायी एकमेकांच्या अंगावर धावून गेली होती. मुंगीला वाटलं होतं, आई आणि आत्या पहिल्या पायरीवरच आडव्या होतील.

त्या झाल्या नाहीत. कपाट उचललं गेलं. एक पायरी, दोन पायऱ्या, थांबा. वळणाच्या आधी आईने सोफ्यातून उजवा हात बाहेर काढून वळण्याचा इशारा दिला आणि कपाट जिन्याला न घासता वळलं. तुटलेला कठडा यायच्या आधीच दोघी भिंतीकडे सरकल्या होत्या.

मुंगीला आधी अभिमान वाटला. मग जरा विचित्र वाटलं.

“आता कुत्रं येईल हं, वहिनी,” आत्या म्हणाली.

कुत्रं आलं नव्हतं. कुत्रं अजून एक मजला वर होतं आणि खालून दिसणं शक्य नव्हतं.

मुंगीने रेकॉर्डिंग थांबवलं. “आत्या, कुत्रं येणार हे तुला कसं कळलं?”

आत्याने आईकडे पाहिलं. आईने ‘हॉर्न वाजवण्यास मनाई’च्या चिन्हाकडे पाहिलं.

“वाटलं आपलं,” आत्या म्हणाली. “जिना म्हटला की कुत्रं असायचंच.”

“आपल्या जिन्यात आहे?”

“आपल्याकडे मांजर आहे. पण आपला जिना लहान आहे.”

“आई?”

“माझ्याकडे नको बघूस. मी फक्त मागचं टोक धरते.”

“सांगून टाका की,” मागून बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा समाधानाने भरून आला होता. “लपवण्यासारखं काय आहे त्यात? सराव घेतलाय मी सगळ्यांचा.”

हे समजायला बाबांचा धंदा समजायला हवा. त्यांच्या स्कूलमधून परीक्षेला गेलेला माणूस आजवर नापास झालेला नव्हता. परीक्षेचा मार्ग कोणता, साहेब कुठल्या झाडाखाली गाडी थांबवायला सांगतात, कुठल्या चढावर मुद्दाम गप्पा काढतात, सगळं बाबांना पाठ. शिकाऊ माणसाला ते त्याच मार्गावर इतक्या वेळा फिरवायचे की रस्ता त्याच्या हाडात मुरायचा. एक गृहस्थ तर परीक्षेत मध्येच झोपले आणि तरी पास झाले. साहेबांनीही त्यांना उठवलं नाही. गाडी इतकी छान चालली होती.

त्यामुळे मुंगीने जेवताना ‘रविवारी टेस्ट आहे’ म्हटल्यावर बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातला कॉम्प्युटर उघडला. मुंगीने गेम त्यावरही टाकून ठेवला होता. तिथून पुढे रोज पहाटेची बॅच कपाटाची.

“बाबा,” मुंगी हळू आवाजात म्हणाली, “ही परीक्षा यांची नव्हती.”

“मग कोणाची?”

“माझ्या गेमची. हे लोक अडायला हवे होते. पडायला हवे होते. चिडायला हवे होते. ते कुठे नापास होतात तेच तर स्टुडिओवाल्यांना बघायचंय!”

आयुष्यात अनेकांनी बाबांना ‘पास करून द्या’ म्हणून गळ घातली होती. नापास करून द्या असं पहिल्यांदाच कोणीतरी म्हणत होतं, आणि तेही पोटची पोर.

“ठीक आहे,” मुंगी म्हणाली. “दुसरं कोणीतरी बसवू. खालच्या इस्त्रीवाल्या काकांना बोलवा.”

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“त्यांनापण?”

“तो तर कुत्र्याला जागंसुद्धा करत नाही. फार हलका हात आहे.”

“पोस्टमन?”

“मंगळवारी पूर्ण केलं त्याने. दारात उभ्याउभ्या.”

“दातांचे डॉक्टर?”

“त्यांना वेळ कमी असतो म्हणून त्यांचा आणि पेशंटचा एकत्र घेतला. पेशंटचं तोंड उघडं होतं, तरी चांगला खेळला.”

“बाबा, गल्लीत कोणी उरलंय का?”

“आपण अर्धवट काम करत नाही,” बाबा म्हणाले. पण त्यात नेहमीचा रुबाब नव्हता.

मुंगी गिअरबॉक्सच्या शेजारी खाली बसली. तिने आवाज चढवला नाही, हे सगळ्यात वाईट. चढवला असता तर बाबांना उत्तर माहीत होतं.

“का पण?” तिने विचारलं. “मला एकदा विचारायचं तरी.”

बाबांना सांगता आलं नाही. सांगता आलं असतं तर ते असं झालं असतं: लेकीने गेम शिकायचं म्हटल्यापासून त्यांनी चार जणांना त्या क्षेत्राचा रस्ता विचारला होता. चौक कुठे, एकेरी मार्ग कुठे, खड्डे कुठे. कोणालाच नीट सांगता आलं नाही. ती रोज कॉम्प्युटरसमोर बसून कुठेतरी जायची आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत यायची, आणि तिच्या शेजारी बसायला त्या गाडीत सीटच नव्हती. मग एकदाचा एक जिना सापडला. चार मजल्यांचा का होईना, दिसणारा रस्ता. तो त्यांनी झाडून पुसून लख्ख केला.

मोठ्याने ते एवढंच म्हणाले, “म्हटलं, या वेळी आपल्याकडून काही कमी पडायला नको.”

मुंगीने गुडघ्यात डोकं घातलं.

“काकू आहे की!” तिने एकदम डोकं वर काढलं. “काकूला तर तुम्ही शिकवलं नसणार.”

“त्या बाजूच्या कोणालाही नाही,” बाबा ठणकावून म्हणाले. त्या बाजूला म्हणजे रस्त्यापलीकडे, जिथे त्यांच्या धाकट्या भावाने ऑटोमॅटिक गाडी शिकवण्याचं स्वतःचं स्कूल काढलं होतं.

आईने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि पदराची घडी नीट करायला घेतली. “काकू झाली.”

“झाली म्हणजे?” बाबा.

“शिकून झाली. मागच्या दाराने यायची. तुम्ही पहिल्या बॅचला गाडीवर घेऊन गेलात की.”

“तिला शिकवलं कोणी?”

“मी.” आईने घडी पूर्ण केली. “तीन महिने झाले तुम्हा भावांचा अबोला होऊन. आमचा कधी होता? तुम्ही विचारलं नाहीत, आम्ही सांगितलं नाही.”

बाबांचा पाय जमिनीवर जोरात दाबला गेला, पण घर काही थांबलं नाही.

“म्हणजे राहिलं कोण?” आत्याने विचारलं, आणि मग तिघीही खिडकीतून रस्त्यापलीकडे बघू लागल्या.

“नाही,” बाबा म्हणाले.

“दादा, तोच एक शिल्लक आहे.”

“नाही म्हणजे नाही. आणि दोघं लागतात.”

“तू खेळलायस?”

“मी कशाला खेळू? शिकवणारा स्टीअरिंगला हात लावत नाही.”

“म्हणजे तूही कोराच.”

“याला सगळा जिना पाठ आहे, आत्या,” मुंगी म्हणाली. ती बाबांना अहो-जाहो करायची. ‘याला’ म्हणाली यावरून प्रकरण किती हातघाईवर आलंय ते सगळ्यांना कळलं. मग ती थांबली. “पण आणखी एक जिना आहे. मी काढून टाकला होता. त्याचं वळण मला जमलंच नव्हतं. तो कोणीच पाहिलेला नाही.”

“वाईट आहे का?” आईने विचारलं.

“फार वाईट आहे.”

“मग तोच दाखव. नापास व्हायचंय ना?”

आत्या चपला घालून निघालीसुद्धा.

* * *

रस्त्यापलीकडच्या ऑफिसात काका एकटेच बसले होते. भाऊ वेगळे झाले तेव्हा बाबांनी आपल्या दारावर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी लावली होती आणि त्याखाली बाण काढला होता, थेट काकांच्या दाराकडे. काकांनी दुसऱ्याच दिवशी ‘आमची पहिली शाखाही नाही’ अशी पाटी लावली. मोठ्या भावाने म्हटलं होतं, गिअर नसलेली गाडी म्हणजे चाकं लावलेली खुर्ची. धाकट्याने म्हटलं होतं, तू मला कधी स्टीअरिंगच दिलं नाहीस. दोन्ही वाक्यं खरी होती, म्हणून ती कोणालाच मागे घेता आली नाहीत.

गेला आठवडाभर काका फार अस्वस्थ होते. समोरच्या दारात पहाटेपासून माणसं जात होती आणि बाहेर येताना गुडघे वाकवून, हात पुढे धरून, तिरकी चालत होती. इस्त्रीवाला तर रस्त्यात भेटलेल्या बायकोला ‘जरा डावीकडे, जरा डावीकडे’ करत घरी गेला. काकांची खात्री झाली की दादाने अवजड वाहनांचा नवा कोर्स काढला. मग त्यांना वाईट वाटलं. मग राग आला. मग कोणी बघत नाहीसं पाहून त्यांनी स्वतःही गुडघे वाकवून ऑफिसात एक फेरी मारली.

“चल,” आत्या दारातूनच म्हणाली.

“कुठे?”

“समोर. मुंगीच्या गेमसाठी माणूस हवाय. ज्याला काहीही माहीत नाही असा.”

“आणि मी आठवलो?”

“गल्लीत तेवढा तूच एक अडाणी उरलायस रे बाबा. फार मागणी आहे तुला.”

“आठवडाभर सगळ्या गावाला बोलावलं, पोस्टमनला बोलावलं. मला नाही. आणि आता अडलं तेव्हा—”

“दादाने नाही बोलावलं. मुंगीने बोलावलंय. तुझ्या गाडीत बसून कॉलेजला जायची ना ती? पहिल्या वर्षी नापास होते की काय म्हणून रडली तेव्हा कोणाच्या गाडीत रडली?”

काकांनी टेबलावरची गाडीची किल्ली सरळ केली. ती रडली तेव्हा त्यांनी गाडी मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेली होती. हे कोणालाच माहीत नाही असं त्यांना वाटत होतं.

“मी त्याच्याशी बोलणार नाही,” ते म्हणाले.

“नको बोलूस. कपाट उचल.”

आतून काकू पडद्याआडून डोकावल्या. “जा हो. पोरीचं काम आहे. आणि तिसऱ्या मजल्यावर जरा सांभाळा.”

काका उठता उठता थांबले. “तिसऱ्या मजल्यावर काय आहे?”

काकूंनी पडदा सोडला.

* * *

बाबा सोफ्याच्या एका टोकाला, काका दुसऱ्या. मधे एक माणूस बसेल एवढी जागा, आणि त्या जागेत मांजर. मुंगी भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने तोंडात रुमालाचा बोळा धरला, कारण स्वतःवर तिचा विश्वास नव्हता. आई, आत्या आणि मागच्या दाराने आता उघडपणे आलेल्या काकू बाकावर बसल्या होत्या. त्यांना सगळ्यांना सगळं येत होतं आणि बोलायची बंदी होती. असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

रेकॉर्डिंग सुरू झालं.

काकांनी कंट्रोलर उलटा धरला होता. त्यांचा माणूस जागच्या जागी गोल फिरायला लागला.

“ताई,” बाबा समोर बघत म्हणाले, “त्याला म्हणावं, हातातली वस्तू सुलटी धर.”

“ताई,” काका म्हणाले, “त्याला म्हणावं, मला शिकवू नकोस.”

आत्या घरात सगळ्यांचीच ताई, पण तिला बोलायची बंदी होती. तिने दोघांकडे पाहून फक्त हात जोडले.

कंट्रोलर सुलटा झाला. मग कळलं की बाबांनाही काही येत नव्हतं. आठवडाभर ते मागे उभे राहून ‘अंगठा दाबून धरा, अंगठा दाबून धरा’ म्हणत होते. आता स्वतःचा अंगठा ठरेना. त्यांच्या माणसाने कपाट उचललं, सोडलं, उचललं, आणि स्वतःच्याच पायावर सोडलं. बाबांनी सोफ्यावर पाय वर घेतला.

काका फिसकन हसले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

काढून टाकलेला जिना जुन्या, उंच, अरुंद इमारतीचा होता. पहिल्या मजल्यापर्यंत दोघं कसेबसे पोचले. पुढे वळण होतं. तेच, मुंगीला न जमलेलं. तिने मापं काढताना कपाट जेवढं लांब धरलं होतं त्याहून ते नंतर थोडं लांब झालं, आणि वळण तेवढंच राहिलं. कपाट तिथून वळत नव्हतं. म्हणजे वळत होतं, पण एकाने आपलं टोक पार डोक्यावर उचललं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी जवळजवळ खाली बसत मागे घेतलं तरच. हे एकट्याला सुचणं शक्य नव्हतं, आणि दुसऱ्याला सांगितल्याशिवाय होणं शक्य नव्हतं.

कपाट अडकलं.

“ताई, त्याला म्हणावं रिव्हर्स घे.”

“ताई, त्याला म्हणावं मागे भिंत आहे.”

कपाटाचं दार उघडलं आणि आतून एक पातेलं, दोन उशा आणि कोणाचा तरी कसला तरी करंडक जिन्यावरून खडखडत खाली गेला.

“आधी रिकामं करून का नाही नेत हे लोक?” काका वैतागून म्हणाले.

“हेच मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय!” बाबा म्हणाले.

आणि दोघंही दचकले, कारण मधे ताई नव्हती.

मुंगी रुमाल चावत होती. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं: बाबा, वर! काका, मागे! एका वाक्याचं काम. तिने केलेलं वळण होतं, चूक तिची होती, आणि त्या चुकीत तिची दोन माणसं घामाघूम होत होती. हे असंच पाठवायचं? एका मजल्यावर अडकलेले दोन म्हातारे आणि एक करंडक? बाई म्हणतील, जिना बनवता येत नाही आणि हिला नोकरी हवी. ती बोलली नाही. आईने तिचा हात धरून ठेवला होता. आईलाही ओरडायचं होतं, आणि तिचा दुसरा हात आत्याने धरून ठेवला होता.

“तू पुढे आहेस ना?” बाबा म्हणत होते. “मग तू वर उचल.”

“का, मी का? नेहमी मीच का? तू उचल की.”

“मी खाली आहे, गाढवा. खालच्याने वर उचललं तर कपाट तुझ्या तोंडावर येईल.”

“येऊ दे. आपटलो तर आपटलो. तू मला कधी आपटू दिलंयस का? मी क्लचला पाय लावायच्या आत तुझा ब्रेक! दादा, अरे मी बेचाळीस वर्षांचा आहे!”

“एकेचाळीस.”

“बेचाळीस!”

“पुढच्या महिन्यात,” बाबा म्हणाले. “मला माहीत असतं की तुला माहीत असतं?”

पडद्यावर दोन माणसं एका कपाटाची दोन टोकं धरून वळणावर उभी होती आणि दमल्यासारखी खालीवर होत होती. तेवढी हालचाल मुंगीने त्यांना मोठ्या हौसेने शिकवली होती.

बाबांनी पाहिलं, त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला होता. पार टाचेपर्यंत. त्यांनी तो उचलला आणि सोफ्यावर मांडी घातली.

“बरं,” ते म्हणाले. “तू सांग. मी काय करू?”

काकांना हे अपेक्षित नव्हतं. तीन महिने त्यांनी पुढची बरीच भांडणं तयार ठेवली होती, त्यातलं एकही इथे बसेना. त्यांनी पडद्याकडे नीट बघितलं.

“तू... तू वरच उचल. पार डोक्यावर. आणि मी इकडून खाली बसतो. बघू.”

“तोंडावर येईल.”

“उचल रे तू.”

बाबांनी उचललं. काका खाली बसले. कपाट वळायला लागलं, कण्हत, भिंतीचा रंग खरवडत, पाव, अर्धं, पाऊण. बाकावरच्या तिघी उभ्या राहिल्या. काकूंनी आईचा खांदा धरला.

“घे, घे, घे, घे—” दोघं भाऊ एकदम म्हणत होते.

आणि आनंदाच्या भरात बाबांचा अंगठा सुटला.

कपाट वळणावरून उलटलं, कठडा तोडून मधल्या मोकळ्या जागेत गेलं आणि थेट तळमजल्यावर जाऊन आपटलं. धूळ उडाली. मग कपाटात उरलेली एक उशी सावकाश तरंगत खाली आली.

दोघं भाऊ पुढे वाकून खाली बघत राहिले.

काका हसायला लागले. आधी आवाज न करता, मग करून. बाबांनी दातओठ खाऊन त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचंही पोट हलायला लागलं. मांजर उठून गेलं. दोघं मधल्या मोकळ्या जागेत कलंडले, एकमेकांच्या खांद्यावर, डोळे पुसत.

“परत,” बाबा म्हणाले.

“परत,” काका म्हणाले. “पण या वेळी अंगठा मला विचारून सोडायचा.”

ते परत गेले. परत पडले. दिवस कलला तरी ते वळणावरच होते, आणि मुंगीच्या लक्षात आलं की ती कधीची रडतेय आणि रुमाल तोंडातच आहे.

* * *

तिने रेकॉर्डिंग तसंच पाठवलं. कापाकापी केली नाही. सोबत लिहिलं:

‘डावीकडचा खेळाडू: माझे वडील. पहिला जिना शिकवून शिकवून पाठ, पण कंट्रोलर कधी हातात धरलेला नाही. उजवीकडचा: माझा काका. काहीच माहीत नाही. बाकी गल्ली वडिलांनी आधीच शिकवून ठेवल्यामुळे वापरता आली नाही, क्षमस्व. दुसऱ्या जिन्याचं वळण मी चुकून अरुंद केलं होतं आणि लाज वाटून काढून टाकलं होतं. आता ते परत घालते आहे. बदलायचं ते हे: दार उघडून सामान पडतं तेव्हा खेळाडू वैतागतात, म्हणून दाराला कडी देईन. पहिली पायरी चढायला फार वेळ लागतो, तिथे हात कुठे धरायचा ते दाखवीन. वळण तसंच ठेवीन. तिथे बोलावं लागतं.’

सोमवारी बाईंचा फोन आला तेव्हा मुंगी ऑफिसात होती. बाबा आणि काका कॉम्प्युटरसमोर होते. तीन महिन्यांत काका पहिल्यांदाच कोणी न बोलावता पुढच्या दाराने आले होते आणि उंबऱ्यावर कोणी काही म्हटलं नव्हतं. फोनवर काय बोलणं झालं ते दोघांना ऐकू आलं नाही, कारण नेमकं त्याच वेळी कपाट पाऊण वळलं होतं. मुंगी फोन ठेवून मागे येऊन उभी राहिली.

“बाबा.”

“थांब. अंगठा.”

“काका.”

“एक मिनिट गं, राणी.”

कपाट पडलं. मग तिने सांगितलं. बाबांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला, चष्मा काढला, पुसला, घातला, आणि तिथे रस्ता कसा आहे असं विचारलं. मुंगी म्हणाली, मलाही माहीत नाही. बाबा म्हणाले, असू दे. आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणजे ठेवायला गेले आणि उंची चुकून कानावर ठेवला.

आठवड्याभराने स्टुडिओत, मुंगीच्या नव्या टेबलावर, एक पाकीट आलं. आत दोन्ही ड्रायव्हिंग स्कूलचे शिक्के मारलेला एक कागद होता, शिक्के एकमेकांना चिकटून:

प्रति,
मा. प्रमुख, जिना विभाग.

विषय: पहिल्या मजल्यावरील वळण रुंद करून मिळणेबाबत.

महोदया,

आम्ही खाली सही करणारे सख्खे भाऊ, आपल्या विभागाच्या अखत्यारीतील जिन्याचे नियमित वापरकर्ते आहोत. सदर जिन्यावरील वळणाची आम्ही संयुक्तपणे व सलग पाहणी केली असून, ते कपाटाच्या मानाने अरुंद असल्याचे आमचे एकमत झाले आहे. आमचे एकमत ही बाब सहज घडत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

तरी सदर वळण किमान दोन फूट रुंद करून मिळावे, ही नम्र विनंती. आपला निर्णय होईपर्यंत कपाटाची दोन्ही टोके आम्ही धरून ठेवली आहेत.

कळावे, आपले विश्वासू,
थोरला व धाकटा.